खुर्ची कुणाची, गोळी कुणाची

पॅसिफिक महासागरात नाऊरू नावाचा एक देश आहे. देश म्हणायचा, पण आकार २१ चौरस किलोमीटर. माणसं अकरा-बारा हजार. पार्लमेंट १९ जणांची. लोक हे १९ जण निवडतात आणि ते १९ जण आपल्यातल्याच एकाला राष्ट्राध्यक्ष करतात. संपली निवडणूक.

आता आमच्या वरळीच्या बीडीडीचा हिशेब मांडा. १२१ चाळी. एका चाळीला तळमजला धरून चार मजले, मजल्याला वीस खोल्या. ऐंशी गुणिले एकशे एकवीस म्हंजे ९,६८० खोल्या. एका खोलीत दोनच माणसं धरली तरी नाऊरू मागं पडतो. आणि १६० चौरस फुटांच्या खोलीत दोनच माणसं राहिलेली कुणी पाहिलीत? आता त्या जागी टॉवर उठताहेत, २०२५ साली पहिल्या घरांच्या चाव्याही वाटल्या गेल्या. पण हिशेब तोच. आमची वस्ती एका देशाहून मोठी. त्या देशाला झेंडा आहे, संयुक्त राष्ट्रांत जागा आहे, राष्ट्राध्यक्ष आहे. आमच्याकडे चाळ कमिटी आहे.

हसण्यावारी नेऊ नका. या चिमूटभर देशाच्या निवडणुकीवरून एक प्रश्न डोक्यात घुसलाय तो निघत नाही. एखादा माणूस वर बसतो तेव्हा नेमका कोण बसतो? त्याला बसवणारे, की तो ज्यांच्यातून आला ते?

नाऊरूच्या माणसाला याचा जाब विचारायला लांब जावं लागत नाही. बेटाला वेढा घालणारा एकच मोठा रस्ता आहे. ज्याला मत दिलं तो मेंबर त्याच रस्त्यावर भेटणार. आपलं तसं नाही. आपला राष्ट्रपती आपण निवडत नाही. खासदार आणि आमदार निवडतात, देशभरातले मिळून पाच हजारांच्या आत. त्यातही सगळ्यांचं मत सारखं नाही. आमदाराच्या मताची किंमत ठरवायची रीत अशी : राज्याची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येनं भागायची, परत एक हजारानं भागायची. लोकसंख्या धरायची १९७१ च्या जनगणनेची. महाराष्ट्राचं उत्तर येतं १७५. म्हणून २०२२ च्या निवडणुकीपर्यंत आपल्या आमदाराचं एक मत म्हंजे १७५ मतं.

मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. हिशेब शिकलो तो साच्यावर उभं राहून, वार मोजत. म्हणून हा आकडा मी उलटा करून बघितला. एका मताला एक हजार माणसं लागतात. मग एक माणूस म्हंजे मताचा हजारावा भाग. दहा माणसं म्हंजे शंभरावा भाग.

दहा हा आकडा मी उगीच घेतलेला नाही.

११ जुलै १९९७. घाटकोपरचं माता रमाबाई आंबेडकर नगर. सकाळी लोक उठले तर बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. टँकर पेटवून देणार होते म्हणून गोळी घातली, असं पोलीस म्हणाले. पुढं गुंडेवार आयोगानं ते मानलं नाही, गोळीबाराला कारण नव्हतं असं सांगितलं. २००९ साली सत्र न्यायालयानं पोलीस अधिकाऱ्याला जन्मठेप दिली. मग वरच्या कोर्टातून त्याला जामीनही मिळाला. गोळीबार झाला त्याच आठवड्यात शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. उभा जन्म दुसऱ्यांच्या दुःखावर डफ वाजवणारा माणूस. हे दुःख त्याच्या डफात मावलं नाही.

आता तारखांकडं बघा. ११ जुलैला गोळीबार. १४ जुलैला राष्ट्रपतिपदाचं मतदान. १७ जुलैला निकाल. २५ जुलैला शपथ. या देशाचा पहिला दलित राष्ट्रपती : के. आर. नारायणन. मिळालेल्या मतांची किंमत ९,५६,२९०. समोर टी. एन. शेषन, त्यांना ५०,६३१. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती, सगळ्या पक्षांना देशाचा चेहरा उजळून दाखवायचा होता. काँग्रेस नारायणन यांच्या बाजूनं, संयुक्त आघाडी त्यांच्या बाजूनं, भाजपही त्यांच्याच बाजूनं. शिवसेना शेषन यांच्या बाजूनं. महाराष्ट्रात राज्य होतं शिवसेना-भाजप युतीचं. म्हंजे ज्या सरकारच्या पोलिसांनी रमाबाई नगरात दहा माणसं पाडली, त्याच सरकारातल्या एका पक्षानं तिसऱ्या दिवशी दलित राष्ट्रपतीच्या बाजूनं मत टाकलं आणि दुसऱ्यानं विरोधात. दोघेही संध्याकाळी त्याच सरकारात परत.

दोस्तहो, त्या जुलैत आपल्या वस्त्यांनी काय करायचं होतं? २५ तारखेला पेढे वाटायचे की सुतक पाळायचं?

माझ्या पिढीनं तो जुलै डोळ्यांनी पाहिलेला नाही. पण प्रश्न शिळा झालेला नाही. दर पाच वर्षांनी तो नवे कपडे घालून दारात येतो. २०१७ साली तर दोन्ही बाजूंनी दलितच उभा केला : इकडं रामनाथ कोविंद, तिकडं मीरा कुमार. कोणीही येवो, दलितच येणार. त्याच वर्षीच्या जुलैत कोविंद यांनी शपथ घेतली आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जाणाऱ्या आपल्या माणसांवर दगड पडले. २०२२ साली संथाळ समाजातल्या द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. प्रत्येक वेळी नाक्यावर दोन गट पडतात.

एक गट म्हणतो, आपला माणूस बसला, हीच क्रांती. कालपर्यंत ज्याला वर्गाबाहेर उभा केला त्याच्यासमोर आता लष्कर सलामी देतं, हे कमी आहे का? दुसरा गट म्हणतो, अरे, नाटक आहे हे सगळं. रबरी शिक्का आहे तो. ज्यांनी बसवला त्यांचा तो. आपला कसला?

दोघांचंही म्हणणं मला अर्धंच पटतं. का ते सांगतो.

पहिल्या गटाला मी गिरणीची आठवण देतो. एक काळ असा होता की विणखात्यात अस्पृश्याला घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या तोंडचा धागा सवर्ण विणकराला बाटवी. लाल झेंड्याखाली संप करणारे हेच लोक. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न टेबलावर ठेवला तेव्हा कित्येकांना तो अडचणीचा वाटला. समजा, अशा खात्यात आपल्यातला एकजण जॉबर झाला. पहिला दिवस पेढ्यांचा. दुसऱ्या दिवशी साचा तेवढ्याच वेगानं चालतो, भोंगा त्याच वेळेला होतो. बदली कामगार तसाच गेटवर उभा असतो. मग त्या जॉबरचं मोल कशावर करायचं? त्याच्या आडनावावर? छे. जॉबरला दोनच कामं असतात. वरचा हुकूम खाली पोचवायचा आणि खालचं गाऱ्हाणं वर न्यायचं. पहिलं काम करायला कुठल्याही जातीचा माणूस चालतो. दुसरं किती वेळा केलं, ते मोजा.

दुसऱ्या गटाचं मूळ खोल आहे, ते मी जाणतो. २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्याला पुणे करार झाला. जागा मिळाल्या १४८, पण त्यांच्यावर शेवटचं मत सगळ्यांचं. आपण आधी चारजण निवडायचे आणि त्यातला कोणता हवा ते गावानं ठरवायचं. पुढं ते चारजण निवडणंही गेलं, राखीव जागा तेवढ्या राहिल्या. याचा अर्थ काय ते १९५२ साली याच मुंबईनं दाखवलं. पहिली लोकसभा निवडणूक. घटनेचा मसुदा ज्यानं लिहिला तो माणूस उभा आणि राखीव जागेवर निवडून आले काँग्रेसचे नारायण काजरोळकर. तेही अस्पृश्य समाजातलेच. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत परत तेच. दलित निवडून आला, दलितांचा पडला. तेव्हापासून आपण ओळखतो की अंगावरची जात आणि मागची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रपतीची निवडणूक तर त्याच कराराचं शेवटचं टोक. ५० सूचक, ५० अनुमोदक लागतात, आणि तेही त्याच खासदार-आमदारांतले. आपल्या चाळीतला माणूस घटनेप्रमाणं राष्ट्रपती होऊ शकतो. पण मोठ्या पक्षांच्या दारातून गेल्याशिवाय त्याचा अर्जही टिकत नाही.

एवढं सगळं खरं. तरीही ‘रबरी शिक्का’ म्हणून दुसरा गट विषय मिटवतो तिथं मी थांबतो. कारण नारायणन यांची पाच वर्षं माझ्यासमोर आहेत.

ऑक्टोबर १९९७. शपथ घेऊन तीन महिनेही झालेले नाहीत. केंद्र सरकारनं उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायचा कागद पाठवला. नारायणन यांनी सही केली नाही, फेरविचाराला परत पाठवला. सरकारला माघार घ्यावी लागली. १९९८ साली बिहारचा कागद आला, तोही परत पाठवला. पहिल्या वेळी फायदा झाला भाजपच्या सरकारला, दुसऱ्या वेळी लालूप्रसादांच्या पक्षाच्या सरकारला. म्हंजे कुणाचा फायदा होतो हे त्यांनी बघितलं नाही, कागद न्यायाचा आहे का ते बघितलं. सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांची फाईल आली तेव्हा दुर्बल समाजातल्या लायक माणसांचा विचार व्हावा असा शेरा त्यांनी मारला, आणि त्यावरून दिल्लीत वादळ उठलं. जानेवारी २००० मध्ये घटना बदलायच्या गप्पा जोरात होत्या. तेव्हा संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात उभं राहून ते म्हणाले ते असं : घटनेनं आपल्याला दगा दिला की आपण घटनेला, हे आधी तपासा. आणि १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत हा माणूस मतदान केंद्रावर रांगेत उभा राहिला आणि मत टाकून आला. त्याआधीचे राष्ट्रपती मत टाकत नसत. आपण सगळ्यांच्या वर, असं मानत. हा म्हणाला नाही, पण करून दाखवलं : मी वर नाही, मी तुमच्यातला एक, माझं मत एकच.

शिक्का स्वतःहून कागद परत पाठवत नाही. माणूस पाठवतो.

इथं एक शहाणा विचारील, अहो, राष्ट्रपती सगळ्या देशाचा. त्याच्याकडं तुम्ही तुमच्या जातीचा हिशेब मागता, हा जातीयवाद नाही का? त्याला माझं सोपं उत्तर आहे. पोस्टरवर त्याची जात आम्ही छापली नव्हती. उमेदवारी देताना तुम्ही छापलीत. मग बिल मागायला आम्ही आलो की जात वाईट?

पण याहून अवघड प्रश्न आपला आपल्यालाच विचारायचा आहे, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसलो. दलित घरात जन्मला म्हणून एखाद्यावर आपल्यासाठी झटायचं कर्तव्य येतं का?

मला वाटतं, नाही. तसं म्हणणं घातक आहे. जन्मासोबत कर्तव्य चिकटतं, हे तर मनूचं म्हणणं. याच्या पोटी आला म्हणून याचं काम हे. ते जाळायला बाबासाहेब महाडला गेले. आता आपणच उठून म्हणायचं की अमक्या जातीत जन्मला म्हणून त्यानं अमकंच केलं पाहिजे? ही मनुस्मृतीच झाली, फक्त उलटी धरलेली. आणि याचा तोटाही बघा. कर्तव्य जन्मावर टाकलं की बाकीच्या जातींचे राष्ट्रपती, मुख्यमंत्री सुटले. त्यांच्याकडं रमाबाई नगराचा जाब मागायचाच नाही, कारण ते आपले नव्हेत. म्हंजे ज्यांच्या हातात बंदूक होती ते घरी, आणि ज्याच्या हातात नुसता पेन होता तो पिंजऱ्यात. घटनेप्रमाणं पोलीस राज्याचे. राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला बांधलेला. फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो, तोच परत आला की सही.

मग कर्तव्य येतं कुठून? माझ्या मते ते येतं माहिती असण्यातून. ज्यानं पाहिलंय, त्याला पाहिलंच नाही असं वागायची मुभा नाही. नारायणन केरळातल्या उझवूर गावचे. शाळेसाठी मैलोगणती पायपीट, फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं राहून धडे ऐकलेले. त्या माणसाला बाहेर उभं राहणं म्हंजे काय ते ठाऊक होतं. हे ठाऊक असणं जातीनं मिळतं असं नाही. नाहीतर आपल्यातले कित्येक ब्लॉकमध्ये गेले आणि वर्षभरात सगळं विसरले, ते कसे? आणि जातीबाहेरचा एखादा ते जाणूनही घेऊ शकतो. पण एकदा कळलं, आणि हातात पेन आला, की मग सुटका नाही. जेवढं ठाऊक, जेवढा पेन मोठा, तेवढं देणं मोठं.

हा नियम धरला तर मोजमाप सरळ होतं. वर बसलेला कुणाचा, हे विचारू नका. त्याला काय ठाऊक होतं, त्याच्या हातात काय होतं, आणि त्यानं कोणता कागद अडवला, ते विचारा. या मापानं नारायणन यांना मी मान देतो, पण पुतळा करत नाही. नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावून ठेवलंय की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. हा इशारा आपल्या माणसांच्या भक्तीलाही लागू आहे. किंबहुना तिलाच आधी.

आता परत नाऊरूला चला, कारण त्या बेटाची गोष्ट अर्धीच सांगितली. त्या बेटाच्या पोटात फॉस्फेट होतं, खतासाठीचं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी मिळून ते उपसलं आणि आपली शेतं हिरवी केली. ३१ जानेवारी १९६८ ला देश स्वतंत्र झाला. हॅमर डीरोबर्ट हा त्यांच्यातलाच माणूस पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. खुर्ची आली. पण खुर्चीखालची जमीन? मधलं बेट उपसून निव्वळ दगडांचे सुळके उरत चालले होते. पुढं खाणी त्यांच्या हातात आल्या, पैसा आला, तो त्यांच्याच राज्यकर्त्यांनी उधळला. अविश्वास ठराव येत राहिले, राष्ट्राध्यक्ष बदलत राहिले. आपला माणूस खुर्चीत, तरी बेट पोखरलेलंच.

पण त्याच देशानं १९८९ साली ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. दहा-बारा हजारांचा देश आणि समोर अख्खं खंड. १९९३ साली ऑस्ट्रेलियाला तडजोड करून भरपाई कबूल करावी लागली. सरकार स्वतःचं नसतं तर तो अर्ज करणार कोण होतं? म्हणून म्हणतो, खुर्ची फुकट नाही. ती जमिनीच्या बदल्यात घेतली तर मात्र सौदा तोट्याचा. आपल्यालाही सारखा तोच सौदा पुढं केला जातो : वर एक खुर्ची घ्या आणि गायरान, नोकऱ्या, शाळा, गिरण्यांच्या जमिनी यांबद्दल गप्प बसा.

मग आपण काय करायचं? बहिष्कार? वरळीला बहिष्कार शिकवावा लागत नाही. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला याच वरळीत सभेवर दगड आले, दंगल पेटली, बीडीडीनं पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव गेले. काँग्रेस ती जागा हरली. न दिलेल्या मतालाही वजन असतं, ते तेव्हा दिसलं. पण राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपल्याला मतच नाही. जे ताटच वाढलेलं नाही, ते सरकवणार कसं?

मत नाही, पण हजारावा भाग आहे. तो धरून बसा. आपल्या आमदाराला विचारा, तुझ्या मताच्या किमतीत आमची माणसं मोजलीत, ते टाकताना आमचं काय मागून घेतलंस? मतदान गुप्त असतं, तो खोटं बोलेल. बोलू द्या. विचारलं गेलं हे त्याला कळेल. आणि कागद वर जातो तो रस्त्यावरून जातो, हे विसरू नका. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ॲट्रॉसिटी कायद्याचे दात पाडले. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा कायदा संसदेतून राष्ट्रपतीच्या टेबलावर गेला आणि सही झाली. राष्ट्रपती दलित होता. पण तो कागद त्याच्या टेबलापर्यंत ढकलत नेला तो रस्त्यावरच्या पोरांनी.

तेव्हा पेढे की सुतक, या प्रश्नाला माझं उत्तर असं. दहा मेल्यांच्या घरी आधी जायचं. वर बसलेल्याला शुभेच्छांचं पत्र लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण त्यात त्या दहा जणांची नावं लिहा. म्हंजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची त्याला सोय उरणार नाही. आणि ते पत्र लिहिलं की आपल्यालाही ती सोय उरत नाही. आपल्यालाही ठाऊक आहे. आपल्या हातातही पेन आहे, लहान का होईना.

जय भीम.